अनुभव धागा: नोकरी शोधताना नेमकं काय करायचं?

'नेटवर्किंग वाढवा' असं सगळेच सांगतात, पण म्हणजे मेसेजमध्ये लिहायचं काय, ते कोणी सांगत नाही. भरतीचं काम करणाऱ्यांनी, रेझ्युमे चाळणाऱ्यांनी, नोकरी मेळाव्यात टेबलामागे बसणाऱ्यांनी इथे लिहावं. आपली कहाणी नको, कृती हवी.

भरती विभागातून

सगळ्यात जास्त घोळ रेफरलच्या, म्हणजे कंपनीतल्या माणसाने तुमचं नाव सुचवण्याच्या, क्रमात होतो. उमेदवार आधी पोर्टलवर अर्ज करून मोकळा होतो आणि मग कंपनीतली ओळख शोधतो. पण अर्ज भरताक्षणी त्याच्या ईमेलवर प्रोफाइल तयार झालेलं असतं. नंतर आतल्या माणसाने तोच ईमेल टाकला की बऱ्याच सिस्टिम 'उमेदवाराची नोंद आधीच आहे' म्हणतात आणि रेफरल धरला जात नाही. म्हणून आधी ओळख, मग अर्ज. मात्र ओळखीची वाट दोन दिवसांपेक्षा जास्त बघू नका, कारण पहिल्या काही दिवसांतच पुरेसे अर्ज आले तर नंतरचे उघडलेही जात नाहीत.

आता मेसेज. 'सर, माझ्यालायक काही ओपनिंग असेल तर कळवा' याला उत्तर येत नाही, कारण शोधायचं कामही तुम्ही समोरच्यावरच टाकलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा:

'नमस्कार. तुमच्याकडे डेटा अ‍ॅनालिस्टची जागा निघाली आहे, जॉब आयडी अमुक. विक्रीच्या आकड्यांवर एसक्यूएल आणि पॉवर बीआय वापरून तीन वर्षं काम केलं आहे. जाहिरातीची लिंक, रेझ्युमे आणि पुढे पाठवण्याजोग्या तीन ओळी सोबत देत आहे. रेफर करणं जमण्यासारखं नसेल तर मोकळेपणाने सांगा.'

त्या तीन ओळी 'मी' म्हणून लिहू नका, 'त्यांनी अमुक केलं' अशा लिहा. म्हणजे समोरचा त्या उचलून जशाच्या तशा फॉर्ममध्ये चिकटवतो. रेफरल करायला दोन मिनिटं लागत असतील तर होतो. बसून मजकूर रचायचा असेल तर 'वीकेंडला बघतो' वर जातो.

ओळखींबद्दल थोडं

जवळच्या मित्रांना विचारून झालं की लोक थांबतात. खरं तर तिथूनच पुढे सुरुवात असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी मांडली. ज्या माणसाकडून नोकरीचं कळलं त्याची भेट वरचेवर होत असे, असं सांगणारे १६.७ टक्के होते. अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखं आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं.

तेव्हा जुने सहकारी, वर्गमित्र, पूर्वीचे क्लायंट, पुरवठादार अशा ३० ते ४० नावांची यादी करा. नोकरी मागू नका, १५ मिनिटं मागा. विचारायचे प्रश्न ठरलेले असू द्यात: ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलंय? पहिल्या तीन महिन्यांत काय करून दाखवावं लागतं? आणि उठताना, 'आणखी कोणाशी बोलू?' हा शेवटचा प्रश्न विसरलात तर साखळी तिथेच तुटते. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग विषय सोडा.

रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल

मशीनच रेझ्युमे फेकून देतं ही भीती जरा अति आहे. आपोआप नकार येतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या हो-नाही प्रश्नांमुळे: काम करण्याचा परवाना आहे का, किमान अनुभव आहे का, स्थलांतराची तयारी आहे का. ते प्रश्न घाईत टिचकी मारून संपवू नका.

मशीन चुकतं ते वाचण्यात. दोन रकान्यांचा रेझ्युमे असेल तर डाव्या-उजव्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर गळून जाऊ शकतो. कौशल्यांच्या पट्ट्या आणि तारे म्हणजे चित्रं, त्यांतून काहीच वाचलं जात नाही. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळींचा क्रम बिघडला, तारखा भलत्याच कंपनीखाली गेल्या किंवा काहीच उमटलं नाही, तर साधारण तसंच पलीकडे पोचतंय. काही फॉन्टमध्ये इंग्रजी एफ आणि आय जोडून छापले जातात. मग 'फायनान्स' शब्दाचं पहिलंच अक्षर उडतं आणि शोधात तुम्ही सापडत नाही. तारखा सगळीकडे महिना-वर्ष अशा एकाच पद्धतीने लिहा.

जाहिराती

एकाच कामाची चार-पाच नावं असतात, ती सगळी शोधून अलर्ट लावा. जाहिरात दिसली की त्या कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर जाऊन ती अजून आहे का बघा. तिथे नसेल तर ती बहुधा शिळी आहे किंवा खोटी. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले तर तिथेच थांबा.

अर्ज केला त्याच दिवशी जाहिरातीचा पूर्ण मजकूर पीडीएफ करून ठेवा. मुलाखतीचा फोन येईपर्यंत लिंक बंद झालेली असते आणि काय मागितलं होतं ते आठवत नाही. एक्सेलमध्ये पद, तारीख, रेझ्युमेची कुठली आवृत्ती, कोणाशी बोललो, पुढची आठवण कधी, एवढे रकाने पुरतात.

मेळाव्याच्या टेबलामागून

आदल्या दिवशी कंपन्यांची यादी बघून सहा-सात निवडा. सगळ्यात हवी असलेली कंपनी पहिली नको. आधी दोन कमी महत्त्वाच्या स्टॉलवर जीभ सैल करून घ्या. पण दुपारनंतरवरही ढकलू नका, तोवर समोरचा थकलेला असतो.

'तुमची कंपनी काय करते?' हा प्रश्न विचारला की पुढचं संभाषण संपल्यात जमा. ३० सेकंदांत एवढंच: मी काय काम करतो, तुमच्या कुठल्या जागेसाठी आलोय, एक करून दाखवलेली गोष्ट. मग थांबा. बहुतेक जण इथे थांबत नाहीत.

रेझ्युमे घेणारा कोपऱ्यात काहीतरी खूण करतो. म्हणून वरची उजवी बाजू कोरी ठेवा आणि चकचकीत कागद वापरू नका, पेन उमटत नाही. निघताना दोन गोष्टी विचारून घ्या: ऑनलाइन अर्ज वेगळा करायचा का, आणि अर्जात 'कुठून कळलं' या ठिकाणी काय लिहायचं. स्टॉलपासून चार पावलं लांब गेलात की लगेच नाव आणि बोलण्यातली एक गोष्ट टिपून ठेवा. २४ तासांच्या आतल्या मेलमध्ये तीच गोष्ट पहिल्या ओळीत हवी. नुसतं 'भेटून आनंद झाला' वाचून चेहरा आठवत नाही.

एक भर

वरच्या सगळ्याला जोडून: मुलाखतीच्या वेळेचे मेल बरेचदा सॉफ्टवेअरकडून येतात आणि स्पॅममध्ये जाऊन पडतात. वेळ निवडायच्या लिंकला मुदतही असते. स्पॅमचं फोल्डर रोज उघडा.