मदत हवी आहे: २० हजारांत ग्राफिक्स कार्ड

मंडळी, रायझन ५ ५५०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि ४५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेऊन ठेवलाय. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय डिस्प्लेच येणार नाही. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ. खेळायचंय जीटीए ५, व्हॅलोरंट, फोर्झा होरायझन ५. रे ट्रेसिंगचा (खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्यांचा) हट्ट नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली. दुकानदार आरएक्स ६५०० एक्सटीच गळ्यात मारायला बघतात. पण त्याला चारच पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्डमधले डेटाचे मार्ग), मेमरी ४ जीबी, आणि माझ्याकडे जुनं, हळू पीसीआयई ३.०, म्हणजे मेमरी भरली की गेम अडखळणार. वापरलेलं आरएक्स ५८० स्वस्त मिळतंय, पण ते १८५ वॉट खातं, शिवाय क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळून निघालेलं असायची भीती.

म्हणून वापरलेल्या आरएक्स ६६०० वर मन बसलंय: ८ जीबी, १३२ वॉट. एसएमपीएसला ६+२ पिनची एकच वायर आहे, ती पुरेल. बजेट वाढणार नाही, एसएमपीएसही बदलायचा नाही.

पीसीआयई ३.० वर ६६०० ला प्रत्यक्षात कितपत फटका बसतो? आणि वॉरंटी नसलेलं कार्ड दुकानातच दहा मिनिटांत तपासायचं तर नेमकं काय चालवून बघू?