मदत हवी आहे: ड्रायर घुं-घुं करतो, फिरत नाही

नमस्कार मंडळी. चोपड्याला आईकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. धुण्याचं काम झकास, पण ड्रायर नुसता घुं-घुं करतो. हाताने ढकललं तर जरासा फिरून थांबतो. कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) नवीन टाकला, फरक नाही. मागचं कव्हर उघडलं तर झाकण लावूनही ब्रेकची तार सैलच, ब्रेक सुटतच नाही. वरच्या सीलमधून पाणी मोटरवर टपकतंय, शाफ्टला गंज आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. मेकॅनिक म्हणतो मोटरच बदला. मला नाही पटत, जळका वास अजिबात नाही. आधी सील आणि ब्रेकची तार बदलू का? जळगाव-भुसावळकडे चांगल्या प्रतीचे सुटे भाग कुठे मिळतील? आईला चादरी पिळणं होत नाही हो, लवकर सांगा.