रास्ताफारी पंथ ज्यू धर्माला ख्रिस्ती धर्मापेक्षा जवळचा मानावा का?

नवगावकर
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या घरातला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी घाणा बंद ठेवत म्हणून आमच्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, आणि त्यामुळेच असेल, पण माणूस काय मानतो यापेक्षा तो काय पाळतो हे मी आधी पाहतो. त्या मापाने इथिओपियाच्या सम्राटाला पूज्य मानणारे जमैकातील रास्ताफारी मला ख्रिश्चनांपेक्षा जवळचे वाटतात. केसांना वस्तरा न लावण्यासाठी ते तोरामधील (ज्यूंच्या धर्मशास्त्रातील) नाजीर व्रताचा, म्हणजे देवाला वाहून घेण्याच्या व्रताचा, आधार घेतात, त्यांच्यापैकी बहुतेक जण डुकराचे मांस वर्ज्य मानतात, आणि त्यांच्या लेखी मुक्ती म्हणजे हद्दपारीतून मायभूमीकडे परतणे. गुलाम करून आफ्रिकेतून नेलेल्यांच्या वंशजांनी पाश्चात्त्य सत्तेला बाबेल आणि इथिओपियाला सियोन म्हणावे, ही बाबेलमध्ये हद्दपार झालेल्या ज्यूंनी सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या आठवणीने रडल्याचे सांगणाऱ्या 137व्या स्तोत्राचीच भाषा आहे. उलट ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने परराष्ट्रीय अनुयायांवर सुंता बंधनकारक नाही असे ठरवले आणि नियमशास्त्रापेक्षा श्रद्धेला वरचे स्थान दिले.

एकमेव
आपण आचारापासून सुरुवात केलीत. शेमा ही आमची मुख्य प्रार्थना मात्र देवाच्या एकत्वापासून सुरू होतो. 2 नोव्हेंबर 1930 रोजी रास तफारी यांचा हायले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला, आणि अनेक रास्ताफारी त्यांनाच साक्षात देव मानतात, जरी ते स्वतः अखेरपर्यंत इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. ख्रिस्ती त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, आम्हाला मान्य नाही. तरीही मेनाहेम मेइरींसारख्या मध्ययुगीन रब्बींनी ख्रिश्चनांना मूर्तिपूजकांत गणले नाही. सिंहासनावर बसलेल्या राजाच्या पूजेबद्दल त्यांनी तीच सवलत दिली असती, असे मला वाटत नाही. शिवाय ‘यहूदा वंशाचा सिंह’ या ज्या बिरुदामुळे सम्राटांची ओळख पटली, ते रास्ताफारींनी ख्रिश्चनांच्या नव्या करारातील प्रकटीकरण या पुस्तकाच्या आधारे वाचले. मुळात ही ख्रिस्ती धर्माचीच फांदी आहे.

वाटसरू
सर्व रास्ताफारी एका मताचे नाहीत, एवढेच नोंदवतो. 1968 मध्ये स्थापन झालेल्या ‘इस्राएलचे बारा वंश’ या शाखेत येशूला मशीहा (देवाने पाठवलेला तारणहार) मानले जाते, त्यामुळे तुलना कोणाशी करायची हे आधी ठरवावे लागेल.

नवगावकर
मान्य, आणि देव मानण्याचा मुद्दाही मी झटकत नाही. मात्र मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मैमोनिडीसच्या मते मशीहा हा दाविदाच्या वंशातील हाडामांसाचा राजा असेल, तो मंदिर बांधील आणि विखुरलेल्यांना एकत्र आणील. इथिओपियाच्या ‘केब्रा नागास्त’ ग्रंथानुसार तेथील राजघराणे दाविदाचा पुत्र शलमोन आणि शबाची राणी यांच्या मुलापासून, मेनेलिकपासून आले. ते खरे असो वा नसो, निदान हा दावा इतिहासात पडताळता येतो, आणि तो फसलाही: 1974 मध्ये सम्राटांना पदच्युत करण्यात आले, 1975 मध्ये त्यांचे निधन झाले. रब्बी अकिवांनीही रोमविरुद्धच्या ज्यू बंडाचा नेता बार कोख्बा याला मशीहा समजण्याची चूक केलीच होती.

एकमेव
बार कोख्बाला कोणी देव म्हटले नव्हते! आणि ज्या ग्रंथाचा आपण आधार घेता, त्याच्यात मेनेलिकबरोबर कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) यरुशलेमहून इथिओपियाला जातो, म्हणजे देवाने निवडलेले असण्याचा मानही ज्यूंकडून निघून जाते. हेच वंशसातत्य सांगणाऱ्या सम्राट येशाकने 15व्या शतकात इथिओपियातल्याच ज्यूंचा, बेटा इस्रायलांचा, पराभव करून धर्मांतर न करणाऱ्यांचे जमिनीवरील हक्क काढून घेतले. हायले सेलासींनी इथिओपियातील शाशामाने येथे दिलेल्या जमिनीवर रास्ताफारी येऊन वसले. बेटा इस्रायल मात्र यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करत राहिले, आणि 1991 मध्ये त्यांच्यापैकी 14,000 हून अधिक जण दीड दिवसात विमानांनी इस्रायलला गेले. त्या लोकांना इथिओपिया सियोन वाटला नाही.

नवगावकर
बेटा इस्रायलांचा आक्षेप मी स्वीकारतो; तो माझ्या ध्यानात यायला हवा होता. तोच न्याय लावायचा तर 1492 मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकलणारे राजाराणी ख्रिस्ती होते, हेही हिशेबात धरावे लागेल. येशाकचे पाप जमैकातील गरीब रास्ताफारींच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण त्यांच्या हाती ज्यूंवर चालवण्याजोगी राजसत्ता कधीच नव्हती.