उर्क: बांधाने बेटाची मासेमारी मारली की मोठी केली?

गाळमाती (धागाकर्ता)

नेदरलँड्समधल्या उर्कबद्दल कुठेही वाचा, गोष्ट एकच. एकेकाळी बेट होतं, बांध आला, समुद्राचं तळं झालं आणि कोळ्यांचं वाटोळं झालं. यातलं शेवटचं वाक्य मला पटत नाही.

आधी जमीन पाहू. उर्क उभं आहे हिमनदीने लोटत आणलेल्या, दगडगोटे मिसळलेल्या घट्ट चिकणमातीच्या उंचवट्यावर. शेजारचं स्खोकलँड मात्र पीटचं, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या भुसभुशीत थराचं. पीट वाळलं की आक्रसतं आणि लाटा लागल्या की लचके तुटतात. म्हणून १८५९ मध्ये राजाच्या हुकुमाने स्खोकलँड रिकामं केलं, सुमारे ६५० माणसं हलवली. उर्क राहिलं. पुढे तसलीच हिमनदीची माती समुद्रतळातून उपसून ३२ किलोमीटरचा अफ्स्लाउटडाइक बांधला, कारण भरती-ओहोटीच्या ओढीत नुसती वाळू टिकत नव्हती आणि ही माती जागची हलत नव्हती. २८ मे १९३२ ला शेवटची फट बुजली. झाउडरझे नावाची खारी खाडी संपली, आयसेलमेर हे तळं झालं.

माझं म्हणणं: बांध नसता तर उर्क उथळ खाडीत हेरिंग (तारलीच्या कुळातला मासा) पकडणारं छोटं गाव राहिलं असतं. आज नेदरलँड्सच्या कटर (समुद्रात जाळं ओढणाऱ्या बोटी) ताफ्याचा सर्वांत मोठा वाटा उर्कवाल्यांचा आहे. (बोटीवर 'यूके' लिहिलेलं असतं, ते ब्रिटनचं नाही, उर्कचं.)

बंदरकाठी

असहमत. जगला-वाचला त्याच्याकडे बोट दाखवून 'बघा, औषध लागू पडलं' म्हणण्यातला प्रकार आहे हा.

नदीचं पाणी येत राहिलं, खारं पाणी यायचं थांबलं आणि मोजक्या वर्षांत तळं गोडं झालं. अँचोव्ही (आपल्या मांदेलीची लांबची नातलग) उन्हाळ्यात कोमट, उथळ, मचूळ पाण्यात अंडी घालायला खाडीत यायची. तिची वाटच बंद. वसंतात अंडी घालणारा झाउडरझेचा हेरिंग तर काही वर्षांतच संपला. उरली ईल, आपल्याकडे अहिर म्हणतात त्याच कुळातली. तीही अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रातून काचेसारखी पारदर्शक पिल्लं बनून येते, आणि इथे पोचल्यावर तिच्यापुढे उभे बांधातले डेन ऊवर आणि कोर्नवर्डरझांडचे जलदरवाजे.

याच खाडीतलं दुसरं बेट, मार्केन बघा. १९१६ च्या जानेवारीतल्या पुरात तिथे १६ माणसं गेली. खाडी बंद करायचा १९१८ चा झाउडरझे कायदा झाला त्यामागे तो पूर होता. म्हणजे जीव वाचवायला बांध हवा, हे मान्य. पण मार्केनची मासेमारी वाचली का? नाही. १९५७ मध्ये बांधरस्त्याने ते मुख्य भूमीला जोडलं आणि लोक बाहेर कामाला जाऊ लागले.

गाळमाती

मार्केन आणि उर्क यांत मुळातच फरक होता. उर्कचे मोठे बॉटर (सपाट तळाची, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या टांगलेली शिडाची बोट) बांधाच्या आधीपासून उत्तर समुद्रात जात होते. खोल पाण्याची सवय होती, म्हणून तगले. बांधाने धंदा दिला असं मी म्हणत नाही. 'मागे फिरायची सोय' काढून घेतली, एवढंच.

नांगरफाळ

दोघंही १९३२ वर अडकलात. गाव बेट राहिलं नाही ते ३ ऑक्टोबर १९३९ ला, मुख्य भूमीवरचं लेमर ते उर्क बांध जुळला तेव्हा. मग उर्कचं फिसरिंग आणि आणखी दोन पंपघरं चालवून पाणी उपसलं. सप्टेंबर १९४२ मध्ये सुमारे ४८,००० हेक्टरचा नोर्डओस्टपोल्डर (पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन) कोरडा. समुद्रसपाटीखालची ही शेतं बहुतेक बाहेरून निवडून आणलेल्या शेतकऱ्यांना गेली. दारात जमीन आली, उर्कवाल्यांच्या हाती जवळपास काही नाही. बांधाने धंदा गेलेल्या कोळ्यांसाठी १९२५ चा मदत कायदा होता खरा. कर्ज, दुसऱ्या धंद्याचं शिक्षण, म्हाताऱ्यांना भत्ता. त्याने जाळं सोडता येतं, जाळं चालवता येत नाही.

आणि पोल्डरने स्खोकलँडचंही नुकसान केलं. भोवतालचं भूजल खाली गेल्यावर पीट आणखी खचायला लागलं. १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, पण आता तिथली पाणीपातळी मुद्दाम वर ठेवावी लागते.

बंदरकाठी

बरोबर. आता आजचं बंदर. मोठा बीम-ट्रॉलर (आडव्या दांड्याने उघडं ठेवलेलं जाळं तळावरून ओढणारी बोट) ४० मीटरपर्यंत लांब, खोलगट पोटाचा. आयसेलमेरची सरासरी खोली साडेचार मीटरच्या आसपास. म्हणून बोटी हार्लिंगन, डेन हेल्डर, आयमाउडेन अशा बंदरांत लागतात आणि मासळी ट्रकने उर्कच्या लिलावात येते. खलाशी शुक्रवारी गाडीने घरी, रविवार पाळून सोमवारी पहाटेच्या आधी परत. उर्कच्या धक्क्याला येणारी बोट बहुधा डागडुजीला आलेली असते. याला 'मोठी झालेली मासेमारी' म्हणायचं तर म्हणा, मी म्हणेन मासळीचा कारखाना.

गाळमाती

कारखान्यात काय वाईट आहे? लेप सोलणं, फिले (काटा काढलेले तुकडे) काढणं, गोठवणं, निर्यात. बोटी कमी झाल्या तरी काम चालू राहतं, कारण बाहेरची मासळीही इथे येते.

शिसं_आणि_साखळी

बांधावर एवढं भांडताय, पण अलीकडचा घाव बांधाचा नाही, विजेचा आहे. लेप वाळूत लपतो. त्याला उठवायला जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंना १२-१२ मीटरचे बीम, त्यांना जड साखळ्या, आणि साडेसहा नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास वेग. डिझेल आठवड्याला तीस हजार लिटरच्या वर. पल्स पद्धतीत साखळ्यांऐवजी जाळ्यापुढे तारा. सौम्य विजेने लेपाचा स्नायू आखडतो, तो वाळूतून वर येतो आणि जाळ्यात जातो. वेग पाच नॉटवर आला तरी चालतं, डिझेल जवळपास निम्मं, तळ कमी नांगरला जातो.

मग बिघडलं काय? युरोपीय संघात विजेने मासे पकडायला बंदी होती, अपवाद म्हणून ताफ्याच्या ५ टक्क्यांना परवानगी. डच सरकारने प्रयोगाच्या नावाखाली ८० च्या वर बोटींना परवाने दिले. फ्रेंच किनाऱ्यावरचे छोटे कोळी खवळले, आणि १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात संपूर्ण बंदी. बोटी परत साखळ्यांवर, नेमकं २०२२ ला डिझेल भडकलं. त्यानंतरच्या सरकारी योजनेत पैसे घेऊन अनेक कटर भंगारात गेले.

गाळमाती

मान्य. पण हा घाव समुद्रात बसला, खाडीत नाही.

बंदरकाठी

खाडी असती तर परतायला जागा होती, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. ईलही गेली: १९८० च्या दशकापासून पिल्लांची आवक कोसळली, २००९ पासून दरवर्षी शरदातले काही महिने ईल पकडायला बंदी. तुम्ही म्हणता मागची वाट बंद केली म्हणून पुढे गेले. पुढची वाट अडली की काय करायचं, ते सांगा.

नांगरफाळ

कोर्नवर्डरझांडला बांधातून माशांसाठी खारी-गोडी वाट खोदतायत, भरतीबरोबर मासे आत यावेत म्हणून. तिथून ईल किती आत जातील ते दिसेल. हेरिंगला मात्र मचूळ खाडी लागते, आणि ती या योजनेत नाही.