जादूगाराच्या हातातले ते काय : कांडी, काठी की दंड?

सात रस्त्यावरून (सोलापूर) :
आमच्या घरात अद्भुतकथांचे वेड तीन पिढ्यांचे आहे. आजी १९५२ साली सुरू झालेल्या मराठी 'चांदोबा'वर वाढली, बाबा माझ्या शाळेच्या निमित्ताने हॅरी पॉटरच्या नादी लागले आणि धाकट्या भावाला तर चित्रपटांतली लढायांची दृश्ये क्रमाने पाठ आहेत. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर मी पुस्तक समोर धरून तोंडी मराठी करत वाचते. सध्या टोल्किन यांचे 'द टू टॉवर्स' (१९५४) चालू आहे आणि एका शब्दावर घोडे अडले आहे.

गॅन्डाल्फ हा म्हातारा जादूगार राजवाड्याच्या दाराशी येतो, तेव्हा हामा नावाचा द्वारपाल सर्वांना शस्त्रे खाली ठेवायला सांगतो. गॅन्डाल्फ तलवार देतो, परंतु हातातला 'स्टाफ' म्हाताऱ्याचा आधार आहे असे सांगून स्वतःजवळ ठेवू पाहतो. द्वारपालाला संशय येतो, तरीही तो विश्वासाने त्याला आत सोडतो. मी पहिल्या खंडापासून 'जादूची कांडी' म्हणत आले होते. इथे आजीने मला थांबवले आणि विचारले, "कांडीवर भार टाकून कोण चालतं गं?" बाबांनी 'काठी' सुचवली; पण ज्याच्या आघाताने मागच्या खंडात पूल दुभंगला, त्याला गुराख्याच्या हातातल्या वस्तूचे नाव देणे मला जड जाते. भाऊ 'छडी' म्हणतो. मला असा शब्द हवा आहे, जो द्वारपालाला म्हाताऱ्याचा आधार वाटेल आणि वाचकाला मात्र त्याहून अधिक काही.

पुण्याहून :
'छडी' कृपया नको. मराठीत छडी मास्तरांची असते. 'जादूची छडी' हे हिंदीचे अनुकरण आहे आणि दूरचित्रवाणीवरच्या भाषांतरित मालिकांनी ते घरोघरी पोहोचवले आहे. कांडीचे मूळ संस्कृत 'कांड' या शब्दात आहे. बांबूचे किंवा उसाचे एका पेरापासून दुसऱ्या पेरापर्यंतचे खंड म्हणजे कांड. म्हणून उसाचे कांडे आणि म्हणूनच रामायणाचीही कांडे. अर्थात कांडी हा मुळातच एक तुकडा आहे आणि आपल्या आजींची शंका व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही योग्य आहे. पॉटरची अकरा इंचांची वस्तू कांडी होय, गॅन्डाल्फची नव्हे.

साखर पेठेतून :
कांडीचा विषय सोलापुरात निघावा आणि मागाचे नाव निघू नये, हे काही बरे नाही. आमच्या घरी चार माग होते आणि धोट्यात बसणाऱ्या, बाण्याचे सूत गुंडाळलेल्या कांड्या भरण्याचे काम आई आणि आत्या करत असत. मराठी शाळेत गेल्यावर गोष्टीत 'परीच्या हातात जादूची कांडी होती' असे ऐकले, तेव्हा मला खात्रीने वाटले की ती कधीच न संपणाऱ्या सुताची कांडी असणार. आत्याला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की अशी एक मिळाली तर आधी मला आणून दे.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर आमच्या तेलुगूत 'मंत्रदंडम्' म्हणतात आणि अशा चित्रपटांना 'जानपद' चित्रपट म्हणतात. 'पाताळ भैरवी' (१९५१) हा त्यांतला मेरुमणी. तो काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी हेच 'चांदोबा'चेही जनक असल्यामुळे माझा तर्क असा आहे की 'मंत्रदंड' हा शब्द मद्रासहून 'चांदोबा'च्या पानांतूनच मराठी मुलांपर्यंत आला असावा.

पुण्याहून :
तर्क गोड आहे, पण 'मंत्र' आणि 'दंड' हे दोन्ही शब्द मराठीत आधीपासून असताना त्यांच्या समासाला मद्रासची गाडी पकडण्याची गरज काय?

विजापूर रोडवरून :
जुन्या मराठीत 'यक्षिणीची कांडी' असा प्रयोग होता, हे इथे कोणालाच कसे आठवले नाही? माझी आजी 'जादूची' असे कधीच म्हणत नसे. आमच्या घरी कन्नड बोलली जाते आणि कन्नडमध्ये जादूच्या खेळाला आजही 'यक्षिणी' म्हणतात, तो करणारा 'यक्षिणीगार'. त्यामुळे मराठीतल्या त्या कांडीची यक्षिणी ही कुबेराच्या दरबारातली बाई नसून नुसती जादू असावी, असा माझा समज आहे. शुद्धतेचा आग्रहच असेल तर हेही लक्षात घ्यावे की 'जादू' फारसी आहे. तेव्हा 'जादूची कांडी' हीसुद्धा अर्धीच आपली ठरते.

साखर पेठेतून :
आणि चादरही फारसी. बाहेरून आलेले सगळे घडी घालून परत करायचे ठरले, तर सोलापूरकरांनी थंडीत काय पांघरावे?

पुण्याहून :
रुळलेल्या शब्दाला माझा विरोध नाही. ज्या जागी चांगला शब्द आधीच बसलेला आहे, तिथून त्याला उठवण्याला आहे. हा फरक चादरीखाली झाकू नये.

अशोक चौकातून :
कांडी हा शब्द 'कांडणे' या क्रियापदावरून आला असणार. मुसळ हीच पहिली कांडी. धान्य घातले की रूप पालटते, जादू याहून वेगळी काय असते?

पुण्याहून :
कांडणे हे संस्कृत 'कंडन' वरून आले आहे. दोन्ही शब्दांचा परस्परांशी संबंध नाही.

अशोक चौकातून :
आपण म्हणता म्हणून नसेल. उखळाशी बसलेल्या माणसाला विचारून पाहावे.

बाळीवेशीतून :
इतके सगळे लिहिले गेले, पण सोलापुरात राहून कोणी 'योगदंड' म्हटले नाही, याचे नवल वाटते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा कुंभारकन्येने धरली, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, आणि दर संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या साक्षीने संमती कट्ट्यावर तो अक्षता सोहळा आपण पाहतो. योग्याच्या हातातला दंड हा टेकायचा आधारही असतो आणि त्याच्या सामर्थ्याची खूणही असते. प्रश्नकर्तीला जे दोन्ही अर्थ एका शब्दात हवे आहेत, ते इथे नऊशे वर्षांपासून एकत्र नांदत आहेत. परकीय मांत्रिकाला हा शब्द देणे काहींना खटकेल; मलाही थोडे खटकते, पण 'काठी' त्याहून अधिक खटकते.

पुण्याहून :
दंड चालेल. 'योग' मात्र काढावा. तो गृहस्थ योगी नाही.

विजापूर रोडवरून :
नुसता 'दंड' म्हटला तर वाचकाला द्वारपाल पावती फाडतो आहे असे वाटेल. 'यक्षिणीदंड' कसा वाटतो?

सात रस्त्यावरून :
सर्वांची आभारी आहे. काल रात्री तेच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि 'योगदंड' असा शब्द घातला. आजी खूश होईल असे वाटले होते. द्वारपाल त्या दंडाकडे संशयाने पाहतो, इथपर्यंत तिने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाली, "योगदंड समोर आल्यावर त्याने पाया पडायचं सोडून संशय कसला घेतला? त्या गावाला काही रीत आहे की नाही?" राजा भेटायचा अजून राहिलाच आहे. आज रात्री तेवढ्यापुरती बाबांची 'काठी' वापरून पाहणार आहे.

साखर पेठेतून :
काठी म्हणा, पण आधी ती किती लांब आहे ते आजींना सांगा.