चिपर श्रेडर: फांद्यांची माळ होऊन बाहेर येते आणि पाला तर आतच अडकतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

छाटणी झाली की फांद्यांचा ढीग आणि वर्षभर पडणारा पाला याचं करायचं काय हा आमच्याकडचा कायमचा प्रश्न. जाळायचं नाही हे घरात ठरलेलं आहे, पोती भरून बाहेर द्यायचं तर कंबर जाते, आणि तेच बारीक करून बागेत जिरवलं तर खताचंही काम होईल असं डोक्यात होतं. तेवढ्यात दिरांनी त्यांच्याकडचं इलेक्ट्रिक चिपर श्रेडर, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणारं मशीन, आम्हाला देऊन टाकलं, त्यांनी बागेत फरशी घातली त्यामुळे त्यांना आता त्याचा उपयोग नाही. सोबतची पुस्तिका हरवलीये, लेबल अर्धं पुसलंय, त्यावर २५०० वॅट आणि ४० मिमी एवढंच नीट वाचता येतं.

तर अडचणी अशा आहेत.

अंगठ्याएवढी फांदी आत जाते, कडाकड चिरडल्याचा आवाज येतो, पण खालून तुकडे सुटे पडतच नाहीत. लाकूड तुटतं पण एका बाजूची साल तशीच राहते त्यामुळे सगळे तुकडे एकमेकांना धरून माळेसारखे लोंबतात, मग मी ते कात्रीने कापत बसते. म्हणजे मशीन कशाला घ्यायचं हो मग?

पाला टाकला तर विचारूच नका. कोरडा पाला वरच तरंगतो, आत जातच नाही, आणि ओला टाकला तर आत लगदा होऊन बसतो.

तिसरं म्हणजे मधेच घुंई असा आवाज करून मोटर बंद पडते, थोड्या वेळाने परत चालू होते. जळणार तर नाही ना ही भीती वाटते. ब्लेडला धार लावू का? की हे मशीनच गेलंय? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, ब्लेडचं नंतर बघू, आधी दोन गोष्टी सांगा. फांदी टाकल्यावर मशीन ती स्वतःहून हळूहळू आत ओढून घेतं की तुम्हाला ढकलावी लागते? आणि रिकामं चालताना मिक्सरसारखं किंचाळतं की नुसतं गुरगुरतं? यावरून प्रकार कळेल, दोन्ही प्रकारांना दुकानात श्रेडरच म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

धागाकर्ती

स्वतःच ओढतं, अगदी सावकाश. आवाज फार नाही, गुरगुरणंच म्हणता येईल. वरून बघितलं तर जाडजूड दात असलेला रोलर दिसतो (बंद करून, प्लग काढून बघितलं, काळजी नसावी). बाजूला एक काळा नॉबपण आहे, तो कशाला आहे माहीत नाही म्हणून हात लावला नाही.

प्रतिसाद १

मग मशीन गेलेलं नाही, उलट चांगलं हाती लागलंय. हा रोलरवाला प्रकार, मिनिटाला साधारण ४० फेरे घेतो, फांदी दातात धरतो आणि समोरच्या धातूच्या प्लेटवर दाबून चिरडत तोडतो. दुसऱ्या प्रकारात चकतीवर पाती बसवलेली असतात, ती मिनिटाला हजारो फेरे फिरते, फांदी आपणच ढकलायची आणि आवाज असा की शेजारी भिंतीवरून डोकावतात.

तुमची माळ होण्याचं कारण तो काळा नॉबच आहे. त्याने समोरची प्लेट रोलरच्या जवळ-लांब होते. वापरून वापरून प्लेट झिजते, मधे फट राहते, त्यामुळे दात लाकूड चेपतात पण साल आरपार तोडत नाहीत. मशीन रिकामं चालू ठेवा, नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी थोडा थोडा फिरवा, प्लेटला दात घासल्याचा करकर आवाज येईल आणि खालून ॲल्युमिनियमचा चमकता बारीक कीस पडायला लागेल. तो दिसला की थांबायचं. जास्त आवळलंत तर प्लेट उगाच लवकर झिजेल. एवढं करून फांदी टाकून बघा. आणि धार लावण्याच्या भानगडीत पडू नका, या रोलरला पात्यासारखी धार लावायची नसतेच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. मोटरचं मी सांगतो. घुंई करून बंद पडणं म्हणजे बहुतेक ओव्हरलोडचा स्विच उडतोय, तो मोटर वाचवायलाच असतो. स्विच बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या. काही मशीनना छोटं रिसेटचं बटण असतं तेही शोधा. रोलरवाल्यांना बहुतेक उलटं फिरवायचा स्विच असतो, अडकलं की रोलर पूर्ण थांबू द्यायचा, मग उलटा फिरवायचा, फांदी वर येते.

पण त्याआधी वायर बघा. २५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ११ अँपिअर, हे लहान ५-६ अँपिअरच्या प्लगचं काम नाही, मोठा पॉवरचा सॉकेट लागतो. घरातली बारीक एक्स्टेंशन लावून बागेच्या टोकापर्यंत नेली की मोटरपर्यंत व्होल्टेज पडतं, ताकद मिळत नाही, घुंई होतं आणि आपण मशीनला शिव्या घालतो. लांब न्यायची तर २.५ स्क्वेअर एमएमची वायर घ्या आणि रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर भयंकर तापते.

लेबलवर वॅटच्या शेजारी एस ६ आणि ४० टक्के किंवा नुसतं पी ४० असं काही दिसतंय का? असेल तर त्याचा अर्थ १० मिनिटांत ४ मिनिटं लोडवर, बाकी ६ मिनिटं रिकामं. म्हणजे एकामागून एक जाड फांद्या कोंबत राहायच्या नाहीत. ४० मिमी लिहिलंय म्हणून प्रत्येक फांदी ४० चीच टाकायची असंही नाही, तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, वाळलेल्या टणक लाकडाला मी निम्म्यावरच थांबतो. छाटल्यावर लगेच, ओली असतानाच टाका, मोटरला बराच कमी त्रास होतो.

प्रतिसाद ३

पाल्याबद्दल स्पष्टच सांगते, या मशीनचा नाद सोडा. रोलरला धरायला काहीतरी टणक लागतं, पान काय धरणार तो? फारच वाटलं तर मूठभर पाला आणि मागोमाग एक सरळ काठी असं आलटूनपालटून टाका, काठी पाला पुढे ढकलते. पण ढीगभर पाला असा संपवायचा तर दिवस मावळेल.

लॉनमोव्हर असेल तर कोरडा पाला जमिनीवर पातळ पसरा आणि मागे पिशवी लावून वरून फिरवा, मस्त चुरा होतो. तेही नसेल तर पाला जाळीच्या कुंपणात ओला करून रचून ठेवा, न तोडता ठेवलात तर वर्ष-दोन वर्षं लागतात, चुरा केलात तर लवकर, पण होतो नक्की.

बांबू आणि पामच्या झावळ्या आत घालू नका बरं का. झावळीचे धागे रोलरभोवती गुंडाळले जातात आणि मग स्क्रू ड्रायव्हरने उकरत बसावं लागतं. मुळासकट उपटलेली झुडपंही नकोत, माती आणि खडे दातांची वाट लावतात. आणि रोपांना आधाराला बांधलेली तार आधी काढा, ती हमखास विसरली जाते.

प्रतिसाद ४

कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गॉगल घाला, ओढणी, सैल बाह्या, गळ्यातलं काही नको. हळू फिरतं म्हणून लोक निर्धास्त होतात पण हे मशीन ओढून घेणारं आहे, फांदीच्या फाट्यात बाही अडकली तर तेही आत जाणार. फांदी सोडून बाजूला उभं राहायचं, शेवटपर्यंत धरून ठेवायची नाही. अडकलेलं काढताना नुसता स्विच बंद पुरत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार! नॉब फिरवला, आधी काहीच होईना, मग एकदम करकर आणि खाली चमकी पडली. कण्हेरीची फांदी टाकली तर तुकडे सुटे! वायर बारीकच निघाली, ती बदलतेय. लेबलवर पी ४० आहे, मला तो मॉडेल नंबर वाटला होता.

आता शेवटचं, हे तुकडे सरळ कुंड्यांत घालू का?

प्रतिसाद ३

मातीत मिसळू नका, वर पसरा. ताजं लाकूड मातीत कालवलं की ते कुजवणारे जंतू तिथला नायट्रोजन वापरतात आणि झाड पिवळं पडतं, वर पसरलं तर तो त्रास फारसा होत नाही. बागेत ५ ते १० सेंमीचा थर द्या पण खोडाला टेकवू नका, बोटभर नाही, चांगली वीतभर जागा सोडा. कुंडीत अगदी पातळ. कंपोस्टमध्ये घालायचं तर सोबत भरपूर हिरवा कचरा हवा, कापलेलं गवत, स्वयंपाकघरातला ओला कचरा, कारण कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं आणि लाकडात कार्बन नायट्रोजनच्या शेकडो पट असतो. नुसत्या तुकड्यांचा ढीग वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो.

आणि कण्हेर टाकलीत म्हणता? ती विषारी असते, तो भुगा वेगळा ठेवा, मुलं-जनावरं जातात तिथे पसरू नका, टाकताना मास्क लावा. रोग पडलेल्या फांद्याही आच्छादनाला नकोत. बोगनवेल चालते पण तिचे काटे तुकड्यांत तसेच राहतात, जिथे हाताने खुरपणी करता तिथे नको.

धागाकर्ती

बरं झालं सांगितलंत, कण्हेरीचा ढीग वेगळा काढते. पाल्यासाठी जाळीचं कुंपण करायला घेतेय, लॉनमोव्हर आमच्याकडे नाही. जाळी किती उंच घेऊ तेवढं सांगा.

प्रतिसाद ३

कमरेएवढी पुरे, त्याहून उंच केलीत तर आतलं हलवता येत नाही. एक बाजू उघडता येईल अशी ठेवा.