मदत हवी आहे: जहाज केपला वळसा घालून जातंय, विमान दरवेळी परवडत नाही. ग्राहकाला तारीख कशाच्या भरवशावर द्यायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही औद्योगिक पंपांचे सुटे भाग बनवतो आणि आशियातल्या बंदरातून उत्तर युरोपातल्या ग्राहकांना पाठवतो. बहुतेक माल वीस फुटी कंटेनरमधून समुद्रमार्गे जातो, अडीअडचणीला विमानाने. निर्यातीच्या नियोजनाचं काम अलीकडे माझ्याकडे आलंय. आमचा एखादा भाग वेळेवर पोचला नाही तर समोरच्या कारखान्यातलं काम अडतं, आणि त्या लोकांना कोणती तारीख सांगावी हे मला ठामपणे सांगता येत नाही. याचा मला फार त्रास होतो, म्हणून हा धागा.

मला जेवढं कळलंय ते आधी लिहिते. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं, पुढे हल्ले वाढत गेले आणि डिसेंबरच्या मध्यापासून मर्स्क, हापाग-लॉइड, एमएससी, सीएमए सीजीएम अशा मोठ्या लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, सुवेझ सोडून आफ्रिकेच्या टोकाचा केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला. त्याने साधारण साडेतीन हजार सागरी मैल वाढतात आणि दहा ते चौदा दिवस. आमची बुकिंग्ज अजून केपमार्गेच मिळतात. मग दोन आठवडे जास्त धरले की प्रश्न मिटायला हवा. पण तो मिटत नाही.

आमच्या ताज्या कंटेनरचंच बघा. ट्रॅकिंगच्या पानावर पोचण्याची तारीख आधी दोन-तीन दिवसांनी सरकली, मग आठवड्याने. मधल्या ट्रान्सशिपमेंट (जहाज बदलण्याच्या) बंदरात कंटेनर उतरवला, तिथे 'डिस्चार्ज्ड' असं दिसायला लागलं आणि त्यानंतर ते पान हललंच नाही. ज्या जहाजावर तो चढायचा होता ते भरून निघून गेलं, कंटेनर रोल झाला. फॉरवर्डरला (आमची मालवाहतूक जुळवून देणाऱ्याला) फोन केला की एकच उत्तर: लाइनकडून अजून काही आलेलं नाही. वरून बिल आलं त्यात मूळ भाडं एका ओळीत आणि खाली अधिभारांची रांग: इंधन, हंगाम, उत्सर्जन, आणि एक चक्क युद्धजोखमीचा. आमचं जहाज त्या भागातून गेलंच नाही, मग हा अधिभार कशाचा?

मला नक्की हवंय ते असं. नियोजनासाठी किती दिवस धरायचे हे तुम्ही लोक कसं ठरवता? यातला किती माल विमानाने काढावा, काही ढोबळ नियम आहे का? आम्ही बहुतेक सीआयएफवर (किमतीत माल, विमा आणि ठरलेल्या बंदरापर्यंतचं भाडं धरून) विकतो. असे वाढीव खर्च विकणाऱ्याच्या गळ्यात पडू नयेत म्हणून करारात काय लिहून घेता? आणि उशिरामुळे झालेलं नुकसान विमा देतो का? आमच्याकडे दोघांनी दोन उत्तरं दिली आहेत.

या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

ताई, फॉरवर्डिंगमध्ये बरीच वर्षं आहे, समुद्राच्या बाजूचं सांगतो. विमानाचं त्यातल्या जाणकारांनी लिहावं.

आधी सरासरी दिवस धरणं सोडून द्या. तुमच्या जुन्या कंटेनरच्या तारखा काढा: बंदरात आत गेला कधी, जहाजावर चढला कधी, मधल्या बंदरात उतरला कधी, पुढच्या जहाजावर चढला कधी, शेवटच्या बंदरात उतरला कधी. प्रत्येक टप्प्याचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त दिवस शेजारी शेजारी मांडा. प्रत्यक्ष समुद्रावरचे दिवस फारसे हलत नाहीत, केपचा वळसा असला तरी. हलतात ते बंदरात थांबण्याचे, आणि सगळ्यात जास्त ट्रान्सशिपमेंटचे. म्हणून थोडं जास्त भाडं पडलं तरी थेट जाणारं जहाज मिळत असेल तर तेच घ्या. ग्राहकाला तारीख देताना तुमच्या नोंदीतले सगळ्यात उशिराचे एक-दोन प्रसंग सोडून त्याच्या खालचा आकडा धरा.

असं का होतं तेही सांगतो, कारण ते एकदा कळलं की ट्रॅकिंगचं पान वाचता येतं. समजा एका सेवेची जाऊन-येऊन फेरी बारा आठवड्यांची आहे. दर आठवड्याला एक जहाज सुटायचं तर बारा जहाजं लागतात. वळशामुळे जाताना-येताना मिळून फेरी दोन ते चार आठवड्यांनी लांबली की तेवढीच जहाजं जास्त लागतात. ती नसतील तर एखाद्या आठवड्याचं सेलिंग कोरं जातं, यालाच ब्लँक सेलिंग म्हणतात. त्या आठवड्याचा माल पुढच्या जहाजावर ढकलला जातो, ते आधीच भरलेलं असतं, आणि तुमचा कंटेनर रोल होतो. शिवाय मधे उशीर झालेली जहाजं बंदरात अंतर राखून येत नाहीत, एकदम येतात. यार्ड भरतं, क्रेन पुऱ्या पडत नाहीत. २०२४ च्या मध्याला सिंगापूरला हेच झालं होतं, आणि सिंगापूर तर तांबड्या समुद्रापासून किती लांब! रिकाम्या कंटेनरचंही तसंच. उशिरा पोचलेला डबा उशिरा परत येतो, त्यामुळे निघायच्या ठिकाणीच डबे कमी पडतात.

म्हणून बातमीत 'रस्ता खुला झाला' असं आलं तरी लगेच जुन्या वेळापत्रकावर जाऊ नका. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुवेझमध्ये आडवं अडकलं ते सहा दिवस. पण मागे चारशेच्या आसपास जहाजं खोळंबली होती, ती सुटल्यावर युरोपच्या बंदरांत गर्दी झाली आणि ती निस्तरायला आठवडे गेले. उद्या सगळ्या लाइन्स सुवेझला परत आल्या तर आधी केपमार्गे निघालेलं जहाज आणि नंतर सुवेझमधून निघालेलं जहाज एकाच सुमाराला पोचतील. तो महिनाही अवघडच जाईल.

अधिभारांचं. उत्सर्जनाचा अधिभार खरा आहे. १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाची उत्सर्जन व्यापार योजना जहाजांना लागू झाली, आणि बाहेरून येणाऱ्या सफरीचं निम्मं उत्सर्जन त्यात मोजलं जातं. रस्ता लांबला की तोही वाढतो. युद्धजोखमीबद्दल मात्र लाइनची लेखी सूचना मागा. कुठल्या मार्गाला, कोणत्या तारखेपासून, आणि ती तारीख कंटेनर आत घेतल्याची की जहाजावर चढल्याची? वळशाचा खर्च भरून काढायला लाइन्स वेगळ्या नावांचे अधिभार लावतात, त्यावर फार वाद घालता येत नाही. पण नाव युद्धजोखमीचं असेल आणि जहाज त्या भागात गेलंच नसेल तर ती ओळ काढून मागायला तुम्हाला जागा आहे. फोनवर नको, मेलवर मागा.

करार. सीआयएफमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते, भाडं मात्र ठरलेल्या बंदरापर्यंत तुमच्याकडेच राहतं. म्हणून उशीर त्यांचा आणि वाढीव भाडं तुमचं असं होतं. दोन वाक्यं घाला: दर दिल्यानंतर लाइनने लावलेले नवे अधिभार प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे खरेदीदार देईल, आणि आमची मुदत माल जहाजावर चढल्याच्या तारखेपर्यंतची आहे, पोचण्याच्या तारखेची नाही. खरं तर कंटेनरच्या मालाला सीआयएफपेक्षा सीआयपी बरं, त्यात भाडं आणि विमा तुमच्याकडेच असतो, पण माल वाहतूकदाराला सोपवला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. कंटेनर तुम्ही टर्मिनलवर सोपवता, आणि तिथून जहाजावर चढेपर्यंतचे दिवस सीआयएफमध्ये तुमच्या जोखमीत राहतात. हल्ली तेच दिवस वाढलेत.

विमा: उशिराचं नुकसान मिळत नाही. माल विम्याच्या नेहमीच्या अटींमध्ये, म्हणजे 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए' मध्ये, उशीर सरळ वगळलेला आहे, उशिराचं कारण विम्यात बसणारं असलं तरीसुद्धा. युद्धही वगळलेलं आहे, त्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं आणि ते मुख्यतः माल जहाजावर असतानाच लागू असतं, गोदामात नाही. तरी विमा सोडू नका. 'एव्हर गिव्हन' मोकळं झाल्यावर इजिप्तने ते जुलैपर्यंत ग्रेट बिटर लेकमध्ये रोखून ठेवलं, आणि मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांनी वाटून घ्यायचा, आणि हमी दिल्याशिवाय माल हातात नाही. विमा होता त्यांची हमी कंपनीने दिली. नव्हता त्यांना स्वतःचा पैसा अडकवावा लागला.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद उत्तम. मी एअर कार्गोमध्ये आहे, माझी भर.

विमान हा समुद्राचा स्वतंत्र पर्याय आहे असं धरून चालू नका. समुद्र तुंबला की सगळे एकाच आठवड्यात विमानाकडे धावतात, आणि तुम्हाला गरज असते नेमका तेव्हाच दर चढतो. दुसरं म्हणजे हवाई मालाचा जवळजवळ निम्मा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० मध्ये प्रवासी उड्डाणं थांबली तेव्हा ती जागाच नाहीशी झाली, शेवटी खुर्च्यांवर खोकी बांधून नेली. २०२२ पासून युरोपच्या विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, त्यामुळे आशियाचा प्रवास लांबला, आणि जास्त इंधन घ्यायचं म्हणजे माल कमी. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं बरंचसं आकाश सहाएक दिवस बंद होतं. तेव्हा समुद्रमार्ग सुरळीत होता, म्हणजे उलटंही होतं.

म्हणून घाईच्या वेळी जागा शोधण्यापेक्षा दर महिन्याला थोडा माल नियमित विमानाने पाठवा आणि त्यासाठी जागा आधी ठरवून घ्या. नियमित ग्राहकाला अडचणीत जागा मिळते, नव्याला मिळत नाही.

किती माल, याचा ढोबळ नियम नाही, पण तुमच्या मालात उत्तर दडलंय. बंद पडलेला पंप चालू करायला बहुतेक वेळा अख्खा पंप लागत नाही. सील, बेअरिंग, गॅस्केट, फार तर इंपेलर लागतो. हे विमानाने आणि केसिंगसारखं जड सामान जहाजाने, अशी फोड करा. पॅकिंगकडे नीट लक्ष द्या. विमानात घनमीटरमागे १६७ किलो धरतात. तुमचा माल त्याहून हलका असेल तर भाडं आकारमानावर लागतं. ओतीव लोखंडाला हा प्रश्न येत नाही. पण मूठभर सील फोम भरलेल्या मोठ्या खोक्यात गेले की तुम्ही हवेचं भाडं भरता. खोकी लहान करून घ्या, यातून पुष्कळ वाचतं.

मधला पर्यायही आहे, सी-एअर. जहाजाने दुबई, कोलंबो किंवा सिंगापूरपर्यंत आणि तिथून विमान. २०२४ च्या सुरुवातीला दुबईमार्गे याला खूप मागणी होती. पण जहाजातून विमानात माल बदलण्याचं ठिकाण त्याच अशांत टापूत असेल तर सावध राहा. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात तिथल्या अनेक देशांचं आकाश बंद झालं होतं, कतारचंसुद्धा काही तास.

आणि विमानात उशीर झाला तर मॉन्ट्रियल या हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वाहतूकदार जबाबदार असतो, पण मर्यादा वजनावर आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). छोटा पण महाग भाग असेल तर एअरवे बिलवर (हवाई मालाच्या वाहतूक पावतीवर) किंमत जाहीर करून वेगळा आकार भरा, नाहीतर किलोच्या हिशोबाने फार थोडं हाती लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ब्लँक सेलिंगचा हिशोब वाचल्यावर मी आमच्या तारखा टप्प्याटप्प्याने मांडून बघितल्या. जवळजवळ सगळा फरक त्या एका मधल्या बंदरातलाच निघतोय. थेट सेवेचा दर मागवला आहे. युद्धजोखमीच्या ओळीबद्दल लेखी सूचना मागणारा मेलही आत्ताच पाठवला.

एकच प्रश्न उरलाय. सील-बेअरिंगचा थोडा साठा आधीच तिकडे ठेवायचा म्हटला तर तो ग्राहकाच्या गोदामात ठेवावा की बंदराजवळच्या भाड्याच्या गोदामात?

प्रतिसाद १

एकच ग्राहक बहुतेक माल घेत असेल तर त्याच्याकडेच ठेवा. माल तुमचा, वापरला की बिल, असा करार करा आणि महिन्यातून एकदा मोजणी लेखी मागवा. दोन-तीन ग्राहक असतील तर भाड्याचं गोदाम बरं, एकाचा साठा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. तिथे बाँडेड गोदाम मिळालं तर आयातशुल्क माल बाहेर काढताना भरायचं, पैसा आधी अडकत नाही. बेअरिंग मूळ वेष्टनात कोरड्या जागी ठेवा, फोडून मोजू देऊ नका. रबरी सील मात्र फार दिवस ठेवू नका, ते वापरलं नाही तरी कडक होतं. पाकिटावर बनवल्याची तारीख छापा आणि जुनं आधी काढायचं हे गोदामवाल्याला करारातच लिहून द्या.